कल्याणच्या पुढचे श्रोते

विद्यापीठाच्या कार्यक्रमाचे पत्रक हातात पडले की वक्त्याचे नाव, विषय, अध्यक्ष हे सगळे आम्ही मागाहून वाचतो. आधी नजर जाते खाली, स्थळ आणि वेळ यांच्याकडे. फोर्टात संध्याकाळी सहाचे व्याख्यान म्हणजे सव्वासहाला दीपप्रज्वलन, मग वक्त्याचा लांबलचक परिचय, आणि आभार मानून होईतो साडेआठ. त्यानंतर कर्जत किंवा बदलापूर लोकल मिळाली तर ठीक. नाहीतर अंबरनाथ गाडीने यायचे आणि पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभे राहायचे. दादरच्या माणसाला हे गणित मांडावे लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात व्याख्यानांची आवड असणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असते.

मी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली आणि बदलापूर पूर्वेला राहतो. इतिहास हा माझा धंदा नव्हे. नकाशे काढणे आणि वाचणे हा होता. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा या तीन गावांचा आणि मुंबई विद्यापीठाचा संबंध कधीपासूनचा, हे जमेल तसे वाचत गेलो. वाचता वाचता एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. विद्वान मंडळी इथे आली, मोजमापे घेऊन गेली, ती फार लवकर. त्या मोजमापांतून काय निघाले हे इथल्या माणसाच्या कानावर पडायला मात्र खूप उशीर झाला, आणि पडले तेही बहुतेक वेळा विद्यापीठाबाहेरच्या कुणामुळे तरी.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची. आज ऐकून नवल वाटेल, पण पहिली कित्येक दशके हे विद्यापीठ स्वतः काही शिकवत नसे. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर ते बेतलेले होते. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८६२ साली पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. ज्याला परीक्षा द्यायची नाही, नुसते ऐकायचे आहे, अशा माणसासाठी विद्यापीठात जागाच नव्हती.

ती जागा लोकांनी आधीच स्वतः तयार केली होती. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली सभा काढली, तिच्यातून मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या आणि शास्त्रीय विषयांवर देशी भाषांत जाहीर व्याख्याने होऊ लागली. दादाभाई नौरोजी या घडामोडींत पुढे होते. पदवीधर झालेल्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच वर्षी त्यांच्या आग्रहाने स्वामी दयानंद पुण्यात आले आणि त्यांची व्याख्याने गाजली. आज महाराष्ट्रात जिथे जिथे उन्हाळ्यात मंडप घालून व्याख्यानमाला होते, तिचे मूळ घराणे हे.

विद्यापीठाच्या नावावर मोठे व्याख्यान झाले ते १८७७ साली. डॉ. जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या भाषाशास्त्राच्या व्याख्यानमालेत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर सात व्याख्याने दिली. पाली, प्राकृत, अपभ्रंश करत ते मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा चालू भाषांपर्यंत आले. या यादीत सिंधीही होती. ही व्याख्याने पुस्तकरूपाने पूर्ण यायला १९१४ साल उजाडले. सिंधी वाचून मी थबकलो, त्याचे कारण उल्हासनगर. पण त्याआधी अंबरनाथला जाऊन येऊ.

आमच्या बाजूने आगगाडी धावू लागली १८५६ साली, खोपोलीची लाइन सुरू झाली तेव्हा. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८६८ साली, सरकारने अंबरनाथच्या शिवमंदिराचे नकाशे काढायला आणि शिल्पांचे साचे घ्यायला मुंबईहून माणसे धाडली. हे काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे होते, आणि या कामाचे प्रमुख होते टेरी. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवुड किपलिंग तेव्हा याच शाळेत शिकवत होते. देशातल्या जुन्या इमारतींची चित्रे आणि प्लास्टरचे साचे तयार करायचे, ते संग्रहालयांतून आणि प्रदर्शनांतून मांडायचे, असा त्या काळचा सरकारी बेत होता.

माझ्यातला ड्राफ्ट्समन इथे जरा रेंगाळणार. हे देऊळ कागदावर उतरवणे म्हणजे काय काम आहे, हे ज्याने टी-स्क्वेअर हातात धरला आहे त्यालाच कळेल. गाभारा आणि मंडप हे दोन चौकोन कोपऱ्याला कोपरा भिडवून ठेवले आहेत. प्रत्येक चौकोनाच्या बाजू पुन्हा आत-बाहेर मोडत जातात, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला सलग रेषा अशी मिळतच नाही. वर भूमिज पद्धतीचे शिखर, तेही अर्धे ढासळलेले. गाभारा जमिनीच्या खाली, जवळपास वीस पायऱ्या उतरून. म्हणजे सेक्शन काढताना तुमची शून्य पातळी कुठे धरायची, इथूनच वादाला सुरुवात. वालधुनीच्या काठी, पावसाळा संपल्यावरच्या गवतात, पट्टी आणि ओळंबा घेऊन ही मंडळी किती काळ खपली असतील याचा मला अंदाज करता येतो. हातात ताजा आकडा असलेल्या कारागिराने काढलेला नकाशा हे एक प्रमाणपत्रच असते. पुढच्या शंभर वर्षांत जे झिजले, पडले, कुणी उचलून नेले, ते त्या कागदांवर शाबूत राहते.

याच देवळाच्या उत्तरेकडच्या दारावर एक छोटा शिलालेख आहे. त्याच्यावरून झालेला वाद मला कुठल्याही कादंबरीपेक्षा रंगतदार वाटतो. लेख प्रथम वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, विद्यापीठाचे फेलो, भायखळ्याच्या म्युझियमसाठी झटलेले गृहस्थ. त्यांनी लेखातला शक ७८२ असा लावला, म्हणजे इसवी सन ८६०. त्यांच्याकडे काम करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुढे तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला अंक सात नसून नऊ आहे, असे ठरवले. शक ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. देऊळ एकदम दोनशे वर्षांनी अलीकडे, इसवी सन १०६० मध्ये, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात आले. आज अंबरनाथमधले शेंबडे पोरही '१०६०' सांगते, ते या एका अंकामुळे.

भगवानलाल जुनागढचे. गिरनारच्या शिलालेखावरून जुनी लिपी त्यांनी स्वतःच्या हिकमतीने शिकून घेतली. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला ते कधी बसले नाहीत. नंतर त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली ती हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाची. १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला तोही त्यांनीच. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासाचा पाया ज्याने घातला तो माणूस विद्यापीठाच्या भाषेत 'बाहेरचा' होता. मला हे सांगताना थोडा आनंद होतो, लपवत नाही.

विद्यापीठाने आपल्या भिंतीबाहेर जाऊन शिकवावे ही कल्पना तिकडे इंग्लंडात रुजली त्याच सुमाराला. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट १८६७ साली उत्तरेकडच्या शहरांत बायकांसाठी व्याख्याने देऊ लागले. क्रू इथल्या रेल्वे कारखान्याच्या कामगारांनीही त्यांना बोलावले. रॉचडेलला त्यांनी भिंतीवर लावलेल्या आकृत्या तशाच राहिल्या, तर पुढच्या खेपेला कळले की मधल्या काळात श्रोते त्या आकृत्यांभोवती जमून प्रश्न काढत बसले होते. त्यातून व्याख्यानानंतर वेगळा चर्चेचा तास ठेवण्याची पद्धत पडली. १८७३ साली केंब्रिजने हा उपक्रम अधिकृतपणे हाती घेतला. कारखान्यातल्या माणसाला मी जवळचा, म्हणून असेल, पण क्रूच्या त्या फिटर-टर्नरांची मला फार ओढ वाटते. शिफ्ट संपवून, हात धुऊन, बाकावर येऊन बसणारा श्रोता हा वक्त्याला सहज सोडत नाही.

मुंबई विद्यापीठाला स्वतः शिकवायची मुभा मिळाली १९०४च्या कायद्याने, आणि समाजशास्त्राचा विभाग निघाला १९१९ साली. त्याच्यावर आले स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. त्यांचा विश्वास पुस्तकापेक्षा प्रदर्शनावर. शहर समजून घ्यायचे तर त्याचे नकाशे, चित्रे, प्रतिकृती लोकांसमोर मांडा, असा त्यांचा खाक्या. हिंदुस्थानात दाखवायला त्यांनी शहररचनेचे प्रदर्शन १९१४ साली बोटीने पाठवले, तर एमडेन या जर्मन युद्धनौकेने ती बोटच बुडवली. सगळे नकाशे समुद्राच्या तळाशी. मित्रांच्या मदतीने नवा संच जमवून १९१५ साली मद्रासला प्रदर्शन भरवले गेले. गेडिसांच्या मागून १९२४ साली विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली आणि खेड्यांचा, जातीजमातींचा अभ्यास सुरू झाला.

पण आमच्या गावाचा अभ्यास विद्यापीठाने केला नाही. तो केला नारायण गोविंद चापेकरांनी. न्यायखात्यात नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस बदलापुरात राहायला आला आणि गावालाच विषय करून बसला. 'आमचा गाव बदलापूर' हे त्यांचे पुस्तक १९३३ सालचे. राजेमहाराजांच्या इतिहासाचे पुस्तक लिहिणारे पुष्कळ होते. आपल्या शेजारच्या आळीतली माणसे, त्यांचे धंदे, चालीरीती, बोलणे हे इतक्या निगुतीने टिपून ठेवणारे मराठीत त्यांच्याआधी क्वचितच कुणी. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 'पेशवाईच्या सावलीत', 'चित्पावन' ही त्यांचीच पुस्तके. १८६९ साली जन्मले आणि १९६८ साली गेले. शंभरीला थोडक्यात हुकले. न्यायाधीशाला साक्ष कशी घ्यायची हे ठाऊक असते, त्या सवयीचा या पुस्तकाला मोठा फायदा झाला असावा असे मला वाटते. माझ्या बदलापुरात आज इमारतींची जंगले उगवली आहेत. त्यांत राहणाऱ्या बहुतेकांनी हे पुस्तक पाहिलेले नाही.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या बराकींत आणून ठेवले. बराकी दोन हजारांच्या वर होत्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि कॅम्पाचे उल्हासनगर झाले. तरी जुनी माणसे आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. उल्हासनगरबद्दल बोलताना लोक जीन्स, फर्निचर, नकली माल एवढ्यावर थांबतात. मला त्याची दुसरी बाजू सांगायची आहे.

सिंध १९३६ सालापर्यंत मुंबई इलाख्यात होता. कराचीचे डी. जे. सिंध कॉलेज, हैदराबादचे नॅशनल कॉलेज ही सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली. सिंधचे वेगळे विद्यापीठ झाले ते १९४७ साली, फाळणीच्या उंबरठ्यावर. म्हणजे घरदार सोडून बराकीत आलेल्या एखाद्या सिंधी पदवीधराच्या ट्रंकेत कागदपत्रे असतील तर त्यांत पदवी मुंबई विद्यापीठाचीच असणार. आपण त्याला निर्वासित म्हटले, पण विद्यापीठाच्या दृष्टीने तो घरचाच माणूस होता, आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा जास्त. हैदराबादच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ साली वांद्र्याला नॅशनल कॉलेज पुन्हा उभे केले, त्याच संस्थेने १९६५ साली उल्हासनगरात चांदीबाई कॉलेज काढले. कॅम्प तीनमध्ये तलरेजा कॉलेज झाले. अंबरनाथ-बदलापूरची किती मराठी पोरे या सिंधी संस्थांतून पदवीधर झाली, त्याचा उल्लेख कुठल्या व्याख्यानात मी ऐकलेला नाही. आणि भांडारकरांनी १८७७ साली सिंधीची मराठीशी सांगड घालून दाखवली होती, ते उल्हासनगरात येऊन कुणी सांगितल्याचेही ऐकिवात नाही.

आमच्या गावांत विद्यापीठ आले ते बहिःशाल व्याख्यानमालेच्या रूपाने. हिची रीत साधी. विद्यापीठाचा बहिःशाल विभाग वक्ता पाठवणार आणि त्याचे मानधन देणार. सभागृह, खुर्च्या, फळा आणि श्रोते ही स्थानिक वाचनालयाची किंवा मंडळाची जबाबदारी. पुणे विद्यापीठाकडेही अशीच मालिका आहे, पहिले कुलगुरू बाबासाहेब जयकर यांच्या नावाची. मोठ्या शहरात हे जाणवत नाही, पण ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत कित्येक गावांत विद्यापीठाचा माणूस प्रत्यक्ष पाहिला तो या व्याख्यानांत. अर्थात वाचनालय जागे असेल तरच. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. त्यांच्याकडे बसायला दालन होते, कार्यकर्ते होते. जिथे वाचनालयाला स्वतःची दोन खोल्यांची जागा नाही तिथे बहिःशाल पोचणार कुठून? एके वर्षी आमच्याकडे ठरलेली मालिका ऐन वेळी रद्द झाली. ज्यांनी सभागृह कबूल केले होते त्यांनी ते लग्नाला देऊन टाकले. वक्ते स्टेशनावर उतरले होते. त्यांना चहा पाजून पुढच्या गाडीत बसवले, आणि त्यांनी विषयाची टिपणे आमच्या हातात ठेवली. ती टिपणे झेरॉक्स होऊन बरीच फिरली.

निवृत्तीनंतर मी कालिन्याच्या विद्यानगरीत बहिःशालचा पुरातत्त्वाचा अभ्यासक्रम केला. बदलापूरहून कुर्ला, कुर्ल्याहून बस. वर्गात बँकेतली माणसे, गृहिणी, एक दंतवैद्य, कॉलेजची मुले असे सगळे एकत्र. मातीचे खापर हातात देऊन हे चाकावरचे की हाताने थापलेले, असे विचारायचे. चार दिवसांनी बोटांना फरक कळू लागतो. याच बहिःशाल विभागाने २०१५-१६ मध्ये साठ्ये कॉलेज आणि इंडिया स्टडी सेंटर यांच्याबरोबर साष्टी बेटाची पाहणी केली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून, आरे कॉलनीतून माणसे हिंडली आणि शिल्पे, वीरगळ, गद्धेगाळ नोंदवत गेली. गद्धेगाळ म्हणजे शिलाहारकालीन दानाचा दगड: वर चंद्र-सूर्य आणि कलश, मधे लेख, खाली गाढव आणि बाई, जो हे दान मोडेल त्याला दिलेली शिवी. इतका रोखठोक सरकारी कागद नंतर कुणी काढला नाही. मी तो पहिल्यांदा नीट समजून घेतला कालिन्याच्या वर्गात. अंबरनाथचे देऊळ बांधणाऱ्या राजवटीचा दगड समजायला मला सांताक्रूझपर्यंत जावे लागले.

बदलापुरात मात्र एका चित्रकला शिक्षकाने उलटी गंगा वाहवली. श्याम जोशी यांनी ग्रंथसखा वाचनालय उभे केले, दुर्मीळ मराठी पुस्तके आणि नियतकालिके जमवली, आणि त्याला जोडून स्वायत्त मराठी विद्यापीठ असे नाव देऊन काम सुरू केले. सरकारी सनद नाही, पदवीची पुंगळी नाही. काही जण नावाला हसले. मी हसलो नाही. १८७५ साली रानड्यांकडेही वसंत व्याख्यानमालेसाठी कुठली सनद होती? मुंबई-पुण्याचे संशोधक जुने मासिक शोधत कर्जत लोकलने बदलापूरला उतरतात, ही गोष्ट चापेकरांना आवडली असती.

आता विद्यापीठाचे कल्याणला उपकेंद्र झाले आहे. तेव्हा पुढच्या वर्षाचे पत्रक छापण्याआधी आमची मागणी नोंदवून घ्यावी. १८६८ साली अंबरनाथच्या देवळाचे जे नकाशे आणि साचे झाले, त्यांतले जे हाती लागेल त्याच्या प्रतींचे प्रदर्शन अंबरनाथमध्ये भरवा, महाशिवरात्रीच्या जत्रेच्या आठवड्यात, म्हणजे खरी गर्दी मिळेल. भांडारकरांच्या सिंधीवरचे व्याख्यान उल्हासनगरात ठेवा, मराठी आणि सिंधी अशा दोन्ही वक्त्यांचे. बदलापुरात एक अभ्यासक्रम काढा: चापेकरांचे पुस्तक हातात घेऊन गाव पुन्हा मोजायचे, आळी आळीने, सोसायटी सोसायटीने. नकाशे काढायला मी आहे, माझ्यासारखे ऑर्डनन्सचे आणखी निघतील. वेळ रविवारी सकाळी दहाची असू द्या, आणि वक्त्यांचा परिचय दोन मिनिटांत आटपा. सभागृह आणि खुर्च्या आम्ही बघतो. फक्त त्या दिवशी तिथे लग्न नाही, एवढे आधी विचारून घेऊ.